त्रिंकोमालीचं मॉडेल: आधी साल ठरवा, मग करवत उचला

दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी मेसेज टाकतं, की दादा शिडाचं लाकडी जहाज करायचंय, एकदम खऱ्यासारखं, तर किट कुठला घेऊ आणि लाकूड कुठलं वापरू. मी उलट विचारतो, कुठल्या सालातलं? मग दोन दिवस रिप्लाय नाही. डोक्यात जहाजाचं नाव असतं, फोनमध्ये एक फोटो असतो, पण साल कोणीच ठरवलेलं नसतं, आणि खरं सांगायचं तर पहिल्या वेळी मीही ठरवलं नव्हतं. नुसतं शोकेसमध्ये शिडंबिडं लावलेलं काहीतरी ठेवायचं असेल तर बाजारात तयार मिळतं, घ्या आणि मोकळे व्हा, त्यात वाईट काही नाही. पण अचूक करायचं तर जहाजाचा एक ठराविक काळ धरावाच लागतो, कारण ही जहाजं पन्नास-पन्नास वर्षं वापरात असायची आणि गोदीत गेली की दरवेळी काहीतरी बदलून बाहेर यायची. तोफा बदलल्या, रंग बदलला, कधी कधी तर मागचा सगळा भागच नवीन.

मी जे जहाज धरून सांगणार आहे ते एचएमएस त्रिंकोमाली. ब्रिटिश नौदलाचं फ्रिगेट म्हणजे मध्यम आकाराचं वेगवान लढाऊ जहाज, पण बांधलेलं आपल्या मुंबईत, जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हाताखाली, मलबारच्या सागवानात. इंग्लंडमध्ये नेपोलियनच्या लढायांपायी ओकची टंचाई झाली होती म्हणून कामं इकडे आली. १८१६ मध्ये कील म्हणजे तळाचा कणा बसवली, पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरलं. आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला ते अजून तरंगतंय. गंमत म्हणजे हिचे नकाशे पहिल्यांदा मुंबईला पोचलेच नाहीत, ते एचएमएस जावावर होते आणि डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशनने जावाला हरवून जाळून टाकलं, मग लंडनहून दुसरा संच पाठवावा लागला. त्यामुळे नकाशापायी काम अडलेले आपण काही पहिले नाही.

आता सालाचं बघा. १८१७ मध्ये त्रिंकोमालीचा मागचा भाग जुन्या पद्धतीचा होता, सपाट, खिडक्यांची रांग असलेला, दोन्ही कोपऱ्यांना क्वार्टर गॅलरी म्हणजे बाजूला बाहेर आलेले खिडक्यांचे सज्जे. १८१९ मध्ये ती पोर्ट्समथला पोचली आणि चक्क रिझर्व्हमध्ये पडून राहिली. १८४५ नंतर तिला पुन्हा कामाला काढली तेव्हा तोफांची संख्या कमी करून मोठ्या तोफा दिल्या, मागचा भाग कापून लंबगोल केला आणि तिची गणती फ्रिगेटऐवजी कॉर्व्हेटमध्ये म्हणजे खालच्या दर्जाच्या लढाऊ जहाजांत झाली. पुढे १८९७ नंतर तिचं नावच बदललं, फुद्रॉयां, आणि ती पोरांना शिकवायचं जहाज झाली. १९८७ मध्ये हार्टलपूलला आणली, रिस्टोरेशन २००१ पर्यंत चाललं. म्हणजे नेटवर जे हजारो फोटो आहेत ते सगळे लंबगोल मागच्या भागाचे. मी ते फोटो बघून मस्त गोलाई घासून काढली, सव्वा महिना त्यात गेला, आणि पाटीवर लिहिणार होतो १८१७. नकाशा मागाहून नीट बघितला. तो तुकडा अजून ड्रॉवरमध्ये आहे.

नकाशे आणि प्रिंटवाला

त्रिंकोमाली लेडा वर्गातली. हा आराखडा १७८२ मध्ये पकडलेल्या एबे नावाच्या फ्रेंच फ्रिगेटवरून उचललेला, आणि त्यावर ब्रिटिशांनी बरीच जहाजं बांधली, १८१३ मध्ये चेसापीकला पकडणारी शॅनन त्यातलीच. एकाच वर्गाची बहीण जहाजं असण्याचा फायदा असा की एकीचं काही सापडलं नाही तर दुसरीचं बघता येतं. स्कॉटलंडमध्ये डंडीला यूनिकॉर्न आहे, १८२४ ची, तिच्यावर पूर्ण डोलकाठ्या कधी चढल्याच नाहीत, वर छप्पर घालून ठेवली होती, त्यामुळे मूळ लाकूडकाम खूप शिल्लक आहे. पण सावधान, तिचा मागचा भाग गोल आहे, १८१७ च्या मॉडेलसाठी तो कॉपी करू नका. ब्रिटिश नौदलाचे मूळ नकाशे ग्रीनिचच्या संग्रहालयात आहेत आणि प्रती विकत मिळतात. किटमधल्या नकाशापेक्षा आधी त्यावर पैसे घाला असं माझं स्पष्ट मत.

नकाशात तीन चित्रं असतात: बाजूने, वरून अर्धं, आणि बॉडी प्लॅन म्हणजे आडवे छेद, एका अर्ध्यात पुढचे आणि दुसऱ्या अर्ध्यात मागचे. हे मूळ नकाशे बहुतेक १:४८ ला काढलेले असतात, पाव इंचाला एक फूट. तुम्हाला १:६४ हवं तर ७५ टक्क्यांवर प्रिंट. आणि इथे प्रिंटवाल्याच्या दुकानात उभं राहून बघा, कारण तो सवयीने फिट टू पेज दाबतो आणि तुमचं जहाज तीन टक्के लहान होतं. नकाशावरची स्केलपट्टी पट्टीने मोजा, आडवी मोजा, उभीही मोजा, कारण रोलवर काढलेली प्रिंट एका दिशेने ताणली गेलेली मी स्वतः बघितलीय. दोन दिशांना फरक आला तर ती प्रिंट रद्दीत.

अजून एक भानगड जी मला कोणी सांगितली नव्हती. ब्रिटिश नकाशातली रेष फ्रेमच्या म्हणजे जहाजाच्या फासळ्यांच्या बाहेरच्या कडेची असते, वरच्या फळ्यांची जाडी त्यात धरलेली नसते. खऱ्या जहाजाच्या फळ्या समजा ३ इंच जाड, म्हणजे १:६४ ला १.२ मिमी. आता आपण सहसा दोन थर लावतो, आधी १.५ मिमीचा साधा आणि त्यावर ०.५ मिमीचा चांगल्या लाकडाचा, झाले २ मिमी. म्हणजे दोन्ही बाजूंना ०.८ मिमी जास्त, जहाज पोटाला दीड मिमी जाड. हे नको असेल तर प्रत्येक बल्कहेड, म्हणजे मॉडेलच्या सांगाड्यातला आडवा पडदा, कापतानाच कडेने ०.८ मिमी आत कापायचं. एवढंस्सं वाटतं, पण पुढे बाहेरच्या जाड पट्ट्याच्या फळ्या आणि तोफांची दारं बसवताना सगळं जुळतं की नाही ते इथेच ठरतं.

स्केल निवडताना घर बघा

त्रिंकोमालीचा गन डेक म्हणजे तोफांचा मजला साधारण १५० फूट आणि रुंदी ४० फूट. १:९६ ला गन डेक ४८ सेमी, १:६४ ला ७१-७२ सेमी, १:४८ ला ९५ सेमी. हे फक्त डेकचं, पुढे बाहेर आलेली तिरकी काठी (बोस्प्रिट) आणि मागच्या शिडाची काठी (बूम) धरली की लांबी जवळपास दीडपट होते. १:४८ दिसायला राजेशाही, पण टू बीएचकेमध्ये ते ठेवायचं कुठे हा प्रश्न जहाज बांधण्याआधी घरात विचारून घ्या, नंतर नाही. १:९६ ला जागा वाचते पण दोऱ्या इतक्या बारीक की चाळिशीनंतर डोळे हात टेकतात. मी १:६४ ला आलो आणि तिथेच राहिलो. या स्केलला माणूस साधारण २.६ सेमी उंच, ही एक आकृती कार्डबोर्डची कापून कायम टेबलावर ठेवा. प्रत्येक वस्तू बनवली की शेजारी त्याला उभा करायचा. कठडा त्याच्या डोक्यावरून जातोय, किंवा सुकाणूचं चाक त्याच्या दुप्पट आहे, तर काहीतरी चुकलंय. किटमधल्या अर्ध्या पितळी वस्तू या परीक्षेत नापास होतात, खासकरून दोऱ्या बांधायच्या खुंट्या, त्या या माणसाच्या हिशोबाने मुसळाएवढ्या निघतात.

आणि हो, पहिलंच मॉडेल असेल तर फ्रिगेटला हात लावू नका. त्याच जहाजावरची एखादी २६ फुटी होडी १:२४ ला करा, ३३ सेमीची होते, तीन-चार महिन्यांत फळ्या वाकवायला आणि जुळवायला शिकता, आणि बिघडली तर जीव जळत नाही.

लाकूड

इथे सगळे माझ्याशी भांडतात. जहाज सागवानाचं होतं, मग मॉडेल सागाचं का नको? कारण सागाचे रेषे आणि छिद्रं मोठी, ती लहान होत नाहीत. तुम्ही जहाज ६४ पट लहान केलंत पण लाकडाची नक्षी तेवढीच राहिली, त्यामुळे ३.५ मिमीच्या फळीवर दीड मिमीची रेघ दिसते आणि सगळा भ्रम संपतो. शिवाय साग तेलकट, गोंद नीट धरत नाही, लावायचाच असेल तर चिकटवण्याआधी थिनरने पुसून घ्यावा लागतो. मॉडेलला लागतं ते बारीक, एकसारख्या पोताचं लाकूड. परदेशात लोक पेअर आणि बॉक्सवूड वापरतात. आपल्याकडे हेदू म्हणजे हळदू बघा, पिवळसर, गुळगुळीत, कापायला लोण्यासारखं, बॉक्सवूडच्या जवळ जाणारं. काळा कुडा पांढरा आणि बारीक, लेथवर छान चालतो, चन्नपट्टणची खेळणी करतात ते याच जातीचं. शिवणही चालतं. वखारीत गेलात तर मोठा ओंडका मागू नका, छाटलेले तुकडे मागा, फुटकळ भावात मिळतात, आणि मग ओळखीच्या सुताराकडून पातळ पट्ट्या चिरून घ्या. तो आधी तुमच्याकडे वेड्यासारखं बघेल, २ मिमी? कशाला साहेब? चहा पाजा.

काळं लाकूड हवं असेल तर रंगापेक्षा एक जुनी युक्ती. व्हिनेगरमध्ये स्टील वूल दोन-चार दिवस भिजत ठेवा, ते पाणी टॅनिन म्हणजे तुरट द्रव्य असलेल्या लाकडाला लावलं की लाकूड आतूनच काळपट होतं. टॅनिन कमी असेल तर आधी कडक कोऱ्या चहाचा हात मारायचा. पोत झाकला जात नाही, हे यातलं खरं सुख. मात्र आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा, प्रत्येक लाकडाची छटा वेगळी येते.

सांगाडा

पद्धत प्लँक ऑन बल्कहेड. मधोमध ५-६ मिमी प्लायचा कणा, कोकणात नावाड्यांच्या भाषेत जे पठाण, त्यावर खाचा पाडून आडवे बल्कहेड. ७२ सेमीच्या हलला म्हणजे जहाजाच्या धडाला पंधरा-सोळा पुरतात, पण पुढे नाळेकडे म्हणजे टोकाकडे आणि मागे वळण जोरात असतं तिथे जवळजवळ ठेवा. कणा सरळ आहे का ते दोरा ताणून बघा, चिकटवण्याआधी बघा, चिकटवल्यावर बघा, आणि पावसाळ्यात तर दर आठवड्याला. मी एक कणा जूनमध्ये कापून तसाच भिंतीला टेकवून ठेवला, ठाण्याचा पाऊस, ऑगस्टमध्ये बघतो तर केळं. प्लाय आडवाच ठेवायचा, वर वजन ठेवून, आणि कापला की लगेच बल्कहेड बसवून टाकायचे म्हणजे तो हलू शकत नाही. सगळ्यात पुढे आणि सगळ्यात मागे रिकाम्या जागी बाल्साचे ठोकळे भरून घासा, नाहीतर तिथे फळीला टेकायला काहीच नसतं.

फळ्या लावायच्या आधी कण्याच्या दोन्ही बाजूंना खाच पाडायची, जिच्यात खालच्या फळीची कड आणि पुढच्या सगळ्या फळ्यांची टोकं बसतात. ही रॅबेट. बरेच किटवाले ही सांगतच नाहीत आणि मग लोक फळ्यांची टोकं नाळेवर कापून नंतर पुट्टी थापतात. खाच आधी पाडा, वीस मिनिटांचं काम आहे.

मग फेअरिंग, म्हणजे बल्कहेडच्या कडा तिरक्या घासणं, जेणेकरून फळी प्रत्येकावर पूर्ण सपाट टेकेल. एक लवचीक पट्टी घ्या, पुढून मागे धरून बघा. कुठे उडी मारते, कुठे पोकळ राहते ते दिसतं. जास्त असेल तिथे घासा, कमी असेल तिथे पातळ पट्टी चिकटवून पुन्हा घासा. इथे घाई झाली की अख्ख्या जहाजाला फासळ्या दिसतात, उपाशी बैलासारखं, आणि तो दोष पुढे कशानेही झाकत नाही.

फळ्या

पहिली फळी खालून किंवा वरून नाही, वेलच्या जागी लावा. वेल म्हणजे पाण्याच्या रेषेच्या जरा वर जाणारा जाड फळ्यांचा पट्टा, जहाजाची सगळी लय त्याच्या वळणात असते. नकाशावरून प्रत्येक बल्कहेडवर त्याची उंची मोजून खूण करा, पट्टी लावा, मग लांबून, डोळा टेबलाच्या पातळीवर आणून बघा. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की पुढे.

खाली कण्यापर्यंत उरलेल्या जागेत किती फळ्या बसतील हे कागदी पट्टीने काढतात. सगळ्यात मोठ्या बल्कहेडवर कागदाची पट्टी वेलपासून कण्यापर्यंत लावा, लांबी समजा ११२ मिमी, फळी ४ मिमी, म्हणजे २८ फळ्या. आता सगळ्यात पुढच्या बल्कहेडवर तीच लांबी ७० मिमी निघते, म्हणजे तिथे प्रत्येक फळी २.५ मिमीच असायला हवी. तर फळी मधे ४ आणि नाळेकडे निमुळती होत २.५. हे आधी पेन्सिलीने प्रत्येक बल्कहेडवर आखून घ्यायचं. निम्म्याच्या खाली म्हणजे २ मिमीच्या खाली जायची वेळ आली तर फळी टोकदार करू नका, खऱ्या जहाजावर टोकदार फळीला खिळा बसत नाही, तिथे दोन फळ्या मिळून एक करतात. मागे उलट, जागा वाढते, तिथे पाचरीसारखी जास्तीची फळी घालायची. सुया झालेल्या फळ्या दिसल्या की समजा करणाऱ्याने हिशोब केला नव्हता.

वाकवायला पट्टी वीसेक मिनिटं पाण्यात, मग उष्णता. मी बायकोचं केस सरळ करायचं मशीन वापरायचो, आता मला माझं वेगळं मिळालंय, दिवाळीत. वाकवलेली फळी पूर्ण सुकू द्या, आकार धरलेला असतो, मग चिकटवा. ओली चिकटवली की सुकताना आक्रसते आणि प्रत्येक सांध्यात केस जाईल एवढी फट, जी तुम्हाला मे महिन्यात दिसते. गोंद साधा फेव्हिकॉल, कपडे वाळवायचे चिमटे, आणि एक फळी डावीकडे की एक उजवीकडे, आळीपाळीने. एकाच बाजूला पाच-सहा फळ्या लावल्या तर कणा तिकडे खेचला जातो.

फळ्यांचे जोड कुठेही येऊ देऊ नका. शेजारच्या दोन फळ्यांचे जोड खऱ्या मापात एकमेकांपासून किमान ५ फूट दूर, म्हणजे १:६४ ला साधारण २४ मिमी, आणि एकाच फ्रेमवर पुन्हा जोड येण्याआधी मधे तीन अखंड फळ्या. डेकलाही हीच शिस्त. डेकची फळी ९ इंच रुंद धरली तर ३.६ मिमी, २४ फूट लांब धरली तर ११.४ सेमी. फळ्यांमधली डांबराची काळी रेघ दाखवायला लोक मार्कर वापरतात, तो लाकडात पसरतो. फळीची कड मऊ पेन्सिलीने काळी करा, बास, खरी फट या स्केलला पाव मिमीचीही होत नाही.

तांबं

१८१७ ला पाण्याखालचा भाग तांब्याच्या पत्र्याने मढवलेला हवाच. ब्रिटिश पत्रा ४ फूट बाय १४ इंच, म्हणजे १९ बाय ५.५ मिमी, आणि माझ्या हिशोबाने दीडेक हजार तुकडे लागतात, तेवढी तयारी ठेवा, मी रोज रात्री तीस लावायचो, जेवण झाल्यावर. मागून पुढे यायचं, म्हणजे पुढचा पत्रा मागच्यावर चढतो आणि पाणी कडेत शिरत नाही. चिकट पाठीची तांब्याची टेप मिळते, ती उत्तम. खिळ्यांचे फुगीर ठिपके उठवलेले तयार पत्रे घेऊ नका. खरे खिळे ठोकून पत्र्याच्या पातळीत बसवलेले असायचे, आणि या स्केलला त्यांचं डोकं अर्ध्या मिमीहूनही बरंच लहान, हात लावला तर जाणवूही नये. फुगीर ठिपक्यांचं जहाज फणसासारखं दिसतं.

रंग हिरवा करायची घाई नको. वापरातलं तांबं तपकिरी असतं, हिरवट झाक आलीच तर पाण्याच्या रेषेपाशी. नुसतं थिनरने पुसून उघडं ठेवलं तरी मुंबईची हवा सहा महिन्यांत काम करते. बोटांचे ठसे मात्र आधी पुसा, ते कायमचे उमटतात. मला माझा अंगठा अजून डाव्या बाजूला दिसतो.

वरच्या भागाचा रंग हा परत सालाचाच विषय. १८०५ च्या ट्रफाल्गारच्या लढाईच्या काळात काळ्यावर पिवळसर पट्टे, पुढच्या काही दशकांत त्यांची जागा पांढऱ्याने घेतली. आज हार्टलपूलला काळं-पांढरं दिसतं. आणि पिवळा म्हणजे कुठला पिवळा यावरही गाड्या अडतात, खुद्द नेल्सनच्या व्हिक्टरी जहाजाचा रंग २०१५ मध्ये जुन्या थरांचा अभ्यास करून बदलला, आधी गडद पिवळी होती ती आता फिकट, गुलाबीकडे झुकणारी दिसते. त्यामुळे कुठला शेड घ्यायचा यावर कोणाशी वाद घालू नका, फक्त तुमचा पुरावा कुठल्या सालचा ते माहीत असू द्या. एक मात्र नक्की, चकचकीत रंग नको. मॅट घ्या, त्यात चिमूटभर राखाडी मिसळा, लहान वस्तूवर शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा खेळण्यासारखा दिसतो.

डोलकाठ्या

गोल दांडी आणून घासणं सोपं, पण ती वाकडी निघते. चौकोनी पट्टी घ्या, रेषे सरळ असलेली. चौकोनाचा अष्टकोन करायला प्रत्येक बाजू ७:१०:७ मधे विभागा, १२ मिमीच्या बाजूला साडेतीन, पाच, साडेतीन, त्या रेषांपर्यंत कोपरे रंध्याने उडवा, अष्टकोन तयार. मग पुन्हा कोपरे उडवून सोळा बाजू, आणि शेवटी ड्रिलमध्ये पकडून सँडपेपर. निमुळतेपणा चौकोन असतानाच काढून घ्या. ३० इंच व्यासाची डोलकाठी १:६४ ला १२ मिमी. परबाणांना, म्हणजे शिडं बांधायच्या आडव्या काठ्यांना, मधे जाड, दोन्ही टोकांना बारीक, तीच पद्धत, फक्त दोनदा.

दोऱ्या

आता सगळ्यात मोठा खड्डा. जुन्या यादीत ८ इंची शराउड (डोलकाठीला बाजूंनी धरणारा दोर) लिहिलेलं असतं आणि माणूस व्यास समजून गणित करतो, आणि जहाजावर नळाचे पाइप लावल्यासारखं दिसतं. त्या काळी दोराचं माप परीघ होतं. ८ इंच परीघ भागिले ३.१४, अडीच इंच व्यास, म्हणजे ६५ मिमी, भागिले ६४, झाला १ मिमी. नांगराचा १८ इंची दोर असाच काढला तर २.३ मिमी. एका वहीत अख्ख्या जहाजाची यादी करून समोर हा भागाकार लिहून काढा. माझ्या वहीत अकरा वेगवेगळ्या जाड्या झाल्या. किटमध्ये तीन येतात.

म्हणून दोर स्वतः वळायचा. तीन धागे, एका टोकाला ड्रिल, दुसऱ्या टोकाला फिरता हूक, आधी धाग्यांना पीळ द्या, मग तिन्ही मिळून उलटा पीळ. दहा फुटांचा सात-आठ फूट होतो. साधा दोर उजव्या पिळाचा, नांगराचा जाड दोर तीन दोर मिळून डाव्या पिळाचा, आणि हा फरक १:६४ ला डोळ्यांना दिसतो. सुती धाग्याला लव असते आणि हवेचा दमटपणा बदलला की त्याचा ताण बदलतो, चांगला पॉलिएस्टर किंवा लिनन घ्या. डोलकाठ्यांना धरून ठेवणारे स्थिर दोर डांबर लावलेले, म्हणून काळपट तपकिरी. शिडं-परबाणं हलवणारे दोर फिकट. गडद काळा कुठेही नको.

शराउड चढवायचा क्रम ठरलेला: उजवीकडची पुढची जोडी, मग डावीकडची पुढची, मग उजवीकडची दुसरी, असं. वर डोलकाठीच्या गळ्यात ते याच क्रमाने एकावर एक बसतात, क्रम चुकला की थर चुकतो आणि जाणकार पहिल्यांदा तिथेच बघतो. खाली तीन भोकांच्या डेडआय, म्हणजे दोर ताणायच्या लाकडी गोल चकत्यांच्या जोड्या. त्या सगळ्या एका ओळीत याव्यात म्हणून तारेचा छोटा आकडा वाकवून दोघींमधलं अंतर पक्कं ठेवा आणि मगच दोर बांधा. ताण बेताचा. सगळे जण पहिल्यांदा सतारीसारखं ताणतात, मग पुढच्या स्टेने म्हणजे डोलकाठीला पुढून धरणाऱ्या दोराने डोलकाठी पुढे येते आणि मागचे दोर ढिले पडतात.

रॅटलाइन म्हणजे शराउडवरच्या आडव्या पायऱ्या, एकमेकींपासून १४ इंच, साडेपाच मिमी. मागे आखलेला कागद लावून घ्या. मधल्या प्रत्येक शराउडला क्लोव्ह हिच म्हणजे दोन वेढ्यांची गाठ, टोकांना छोटा फास. दर वेळी खालून सुरू न करता आधी दर पाचवी पायरी बांधा, मग मधल्या भरा, नाहीतर शराउड कमरेत आवळले जाऊन डमरू होतो. गाठीला सुपरग्लू लावू नका, दोर पांढरा पडतो, कडक होतो आणि वर्षा-दोन वर्षांत तुटू शकतो. पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल ब्रशने लावा, चुकलं तर ओलं करून सोडवताही येतं.

शिडं मी लावत नाही. कुठलंही कापड ६४ पट जाड करून बघा, सतरंजी होते. फारच हौस असेल तर पातळ टिश्यू रंगवून परबाणाला गुंडाळलेली दाखवा, ते खरं वाटतं.

काचेची पेटी

पेटी ही चैन नाही. धूळ दोऱ्यांवर बसली की निघत नाही, आणि सुती धाग्याला कसर लागते. पण पेटी एकदम हवाबंद करू नका, तळाशी मागच्या बाजूला दोन-चार भोकं ठेवून बारीक जाळी लावा. ओक, प्लाय, एमडीएफ यातून आम्ल वाफा निघत राहतात, बंद पेटीत त्या साठतात आणि शिशाचे भाग पांढरी भुकटी होऊन खलास होतात. जुन्या किटमधल्या तोफा आणि नांगर बऱ्याचदा शिशाचेच असतात, ते आधीच बाजूला काढा आणि पितळी किंवा थ्रीडी प्रिंट केलेले बसवा. ९ फुटी तोफ १:६४ ला ४.३ सेमी, नकाशावरून मोजून कोणीही प्रिंट करून देतो.

आणि काचवाल्याला माप देताना डोलकाठीच्या टोकापर्यंत मोजा, वर झेंड्याची काठी आणि टोकावरची टोपी धरून, आणि वर तीन-चार सेमी सोडा. माझी मुख्य डोलकाठी पेटीला ८ मिमी जास्त झाली. काचवाला म्हणाला, साहेब वरून थोडी कापा ना, कोणाला कळणारे. शेवटी मी पेटीचा तळ उतरवला, लाकडी पाया खरवडून १० मिमी खोल केला आणि जहाज त्यात बसवलं, दोन रविवार गेले. पाटी पितळेची, त्यावर नाव, स्केल आणि १८१७.